जांभळीचं रान

कांदा काढणीला आला की शांतवनला घरात बसवत नसे. मांडीत लोखंडी पट्टी घातलेली, डॉक्टरनं जमिनीवर बसायला साफ मनाई केलेली, तरी दिवस उगवला की म्हातारा काठी टेकत रानात हजर. बांधावर पोतं अंथरायचा, दुखरा पाय लांब करायचा आणि विळ्यानं कांद्याची पात कापायला लागायचा. पुढं त्याची लेक ग्रेस वाकून कांदा उपटत चाललेली असायची. यंदा मजूर मिळत नव्हते आणि चैत्रातच दुपारनंतर आभाळ भरून येत होतं. भिजला की कांदा गेलाच, म्हणून बाप-लेक हात उचलून कामाला लागले होते.

"बाबा, बोटं सांभाळा. आज लई थरथरत्यात."

"तू जन्माला यायच्या आधीपासून कापतोय. अजून धा बोटं हायेत, मोजून घे."

ग्रेस हसली. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली, ती ह्याच रानात रुजली. बापाच्या बरोबरीनं तिनं विहिरीवर मोटार बसवली, कांद्याची चाळ उभी केली, आणि आई गेल्यावर घरही तिनंच सावरलं. हे घर रानातच होतं, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर.

शांतवन हिवाळ्यात विहिरीच्या पायरीवरून घसरला. मोडका पाय पाण्यात, अंग पायरीवर, असा पडून असताना त्याला मरणाचं भय वाटलं नाही. आठवली ती नाताळातली गोष्ट. त्याचा पोरगा डॅनी पुण्याहून आला होता आणि जेवता जेवता सहज म्हणाला होता, "बाबांच्या मागं हे सगळं विकून टाकू. ग्रेसला मी पुण्याला नेतो. मुलांकडं बघायला तिची मदत होईल." पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मोरीत भांडी घासणाऱ्या ग्रेसचा हात क्षणभर थांबला आणि मग ती जरा जास्तच जोरात घासायला लागली. ते शांतवननं पाहिलं होतं. आपल्या पोरीला म्हातारपणी भावाच्या घरची आया व्हावं लागणार, हे त्याला पायाच्या दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

म्हणून एका सोमवारी त्यानं चर्चला घालायचा शर्ट अंगात घातला आणि ग्रेसच्या स्कुटीवर मागं बसून राहुरी गाठली.

रुपाली वकिलांचं ऑफिस खताच्या दुकानावर माडीला होतं. जिना पाहूनच शांतवनचा चेहरा उतरला. पण बाई भली निघाली. फाईल आणि मोबाईल घेऊन तीच खाली आली, आणि दुकानात पेंडीच्या पोत्यांवर तिघांची कचेरी भरली.

"बोला बाबा, काय करायचंय?"

"मृत्युपत्र. इहिरीचं रान आन त्यातलं घर ह्या पोरीला. पोराचं शिक्षन, फ्लॅट, समदं झालंय. हिला एवढंच हाय."

बाईंनी गटनंबर विचारून सातबारा काढला, मग गावाचा नकाशा काढला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तुमच्या नावावरचा गट तर ओढ्याला लागून आहे. तुमच्या रानाला ओढा लागतो?"

"न्हाई की. ओढ्याचं रान मच्छिंद्राकडं हाय. बदललं आमी."

"कधी?"

"ह्या ग्रेसच्या जन्माआधी."

"कागद केला होता?"

"कागद कशाला?" शांतवनला बाईच्या अज्ञानाचं हसूच आलं. "देवाची आन घेतली हुती की."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. जे नावावर आहे तेवढंच मृत्युपत्रात देता येतं. आज लिहिलं तर ग्रेसच्या वाट्याला मच्छिंद्र कसतोय ते ओढ्याचं रान येईल, आणि ही विहीर, ही चाळ, हे राहतं घर कागदोपत्री मच्छिंद्राचंच आहे, ते उद्या त्याच्या पोराला जाईल. "तोंडी अदलाबदल केलेल्यांसाठी सरकारची सवलत आहे. तलाठी पंचनामा करील, मग अदलाबदलीचा दस्त नोंदवायचा. मृत्युपत्र त्यानंतर. फक्त दोघांची राजीखुशी पाहिजे. मच्छिंद्रकाका येतील ना सहीला?"

ग्रेस पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली. शांतवननं टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मच्छिंद्राशी त्याचं बोलणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती.

परतीच्या वाटेवर म्हाताऱ्याचं मन मागं धावत होतं.

मच्छिंद्र आणि तो एका वयाचे, एकाच मास्तरच्या हातची छडी खाल्लेले. तो मास्तर म्हणजे शांतवनचा बाप. मास्तरनं पगारातून पै-पै साठवून ओढ्याचं रान घेतलं आणि बांधावर जांभळीचं रोप लावलं. गंमत अशी, की शांतवनचं घर गावाच्या वरच्या अंगाला ख्रिस्तीवाड्यात आणि रान खाली ओढ्याला. मच्छिंद्राची वस्ती ओढ्याला, आणि त्याचं एक रान वर ख्रिस्तीवाड्याला चिकटून. रोज दिवस उगवताना ह्याची गाडी खाली जायची, त्याची वर यायची. वेशीपाशी दोघं एकमेकांना ओलांडायचे. तंबाखूची देवघेव व्हायची आणि बैल ताटकळायचे. संध्याकाळी तेच उलटं.

एकदा भाकरी घेऊन निघालेली रोझी, शांतवनची बायको, वेशीत थांबली. नवी नवरी असूनही जिभेला हाड नव्हतं तिच्या. म्हणाली, "बैलांना कळतंय, तुमाला कळंना व्हय? रानंच बदला की!"

सगळे हसले. मच्छिंद्र हसला नाही. तो घरी जाऊन विचार करत बसला आणि दुसऱ्या दिवशी बैल न जुंपताच आला.

रानं सारखीच होती. ह्याच्यात जांभळ, त्याच्यात अर्धी खणलेली विहीर. पारावरच्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली, पण आण घ्यायला लावली. आण कशाची, ह्यावर घोडं अडलं. तेव्हा मच्छिंद्रानं जी तोड काढली तिला सगळा पार वाहवा म्हणाला.

"मी ह्याच्या बायबलावर हात ठिवतो, ह्यानं माझ्या खंडोबाचा भंडारा उचलावा. आपला देव आपल्याला पदरात घेतो, चुकलं-माकलं पोटात घालतो. दुसऱ्याचा कशाला घालंल?"

रोझीनं टॉवेलात गुंडाळून मास्तरचं बायबल आणलं. मच्छिंद्रानं पायातलं काढून त्यावर हात ठेवला. शांतवननं भंडारा उचलून कपाळाला लावला. त्या रविवारी पाळकसाहेबांनी मूर्तिपूजेवर अंमळ जास्तच वेळ उपदेश केला, आणि सगळी मंडळी माना वळवून शांतवनच्या कपाळाकडं बघत राहिली.

आण घेताना मच्छिंद्र आपणहून बोलला होता, "आनि एक, जांभळ. झाड मास्तरचं हाय. माझ्या जित्तेपनी कुऱ्हाड लागनार न्हाई."

मग काय दिवस होते ते! दोघांनी मिळून विहीर पुरी केली, तळाला पाणी लागलं तेव्हा चिखलात लोळले. पुढं शांतवननं ख्रिस्तीवाडा सोडून त्याच रानात घर बांधलं. आणि जांभळं पिकली की मच्छिंद्राची बायको छबूबाई पाटी भरून, वर जांभळीचाच पाला झाकून वरच्या घरी यायची. ती आणि रोझी उंबऱ्यावर बसून जांभळं खायच्या आणि एकमेकींना जिभा काढून दाखवायच्या. लेकरांच्या आया झाल्या तरी दाखवायच्या. शांतवनला आत बसून ते हसणं ऐकू यायचं. आता इतक्या वर्षांनी, स्कुटीवर लेकीच्या खांद्याला धरून बसल्यावरही येत होतं.

आणि मग पाच वर्षांमागं एका सकाळी दूध घालायला निघालेल्या शांतवनला ओढ्याकडं झाडाच्या जागी नुसतं आभाळ दिसलं. बांधावर जांभळीचं खोड आडवं पडलं होतं, मुळ्या वर. डाळिंबाच्या सऱ्या पडल्या होत्या. मच्छिंद्र बांधावर डोकं धरून बसला होता. शांतवननं काही विचारलं नाही. "बायबलाला हात लावलेला मानूस तू," एवढंच म्हणाला आणि मागं वळला. ते शेवटचं.

दोन वर्षांमागं रोझी गेली तेव्हा मच्छिंद्र कबरस्तानाच्या भिंतीशी येऊन उभा राहिला होता. शांतवननं पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याला त्या दिवसातलं फारसं आठवत नाही. कारभारी सुतारानं दुपारच्या आत पेटी करून आणली होती, तिच्या झाकणावर त्यानं तळवा ठेवला होता आणि लाकूड गार लागलं होतं, एवढंच आठवतं. नंतर पैसे द्यायला गेला तर सुतारानं मजुरी तेवढी घेतली. म्हणाला, "फळ्या पडून हुत्या."

रविवारी डॅनी आला. चर्च झालं, रस्सा झाला, आणि डॅनीनं मोबाईलवर नकाशा काढला. ग्रेसनं त्याला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, नवा रस्ता ओढ्याकडून जाणार आहे. ती जमीन सोन्याची होणार, आणि कागदावर ती तुमची आहे."

"मच्छिंद्राची हाय."

"कागदावर तुमची. घर त्यांच्या गटात जातंय तर जाऊ दे. ओढ्याकडच्या पैशात ग्रेसला बंगला बांधून देऊ. आणि ज्यानं शब्द मोडून आजोबांचं झाड पाडलं, त्याच्यासाठी तुम्ही शब्द पाळणार?"

खोटं कशाला बोला, शांतवनच्या मनाला ते चाटून गेलं. पाच वर्षं राग होता, पण हातात काही नव्हतं. आता कागद होता. मच्छिंद्र मरेपर्यंत आठवण काढील असा एकच घाव घालता आला असता, आणि वर कायदा आपल्या बाजूनं. तो बराच वेळ दाढीचे खुंट चोळत बसला. डॅनीला वाटलं, बाबा विचार करताहेत. तो करतही होता.

दुसऱ्या दिवशी कांदा कापता कापता त्यानं ग्रेसला विचारलं, "तुला कोनतं पायजे?"

"मला हेच पायजे. इहिरीचं." ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "मला बंगला नको बाबा. आईनं लावलेली जाई हितं हाय, माझा कांदा हितं हाय. तुमी काकांना इचारा. भांडायचं तर भांडून या, पन इचारा."

"आन त्यो न्हाई म्हनला तर?"

"तर आपन दोघं बेघर," ग्रेस म्हणाली आणि पुन्हा वाकली.

आभाळ भरून आलं होतं. कापलेला कांदा दोघांनी ताडपत्रीखाली घातला, कडेला दगड ठेवले, आणि तशाच मातकट हातांनी स्कुटी काढली.

वस्तीवर छबूबाई तुरीच्या काड्या मोडत होती. स्कुटीवरून उतरणाऱ्या शांतवनला पाहिलं आणि तिच्या हातातली काडी तशीच राहिली. गावात काही लपत नाही. शांतवन राहुरीला वकिलाकडं गेल्याचं त्याच दिवशी वस्तीवर पोचलं होतं.

"मोजनी आनली का भाऊजी?" तिनं विचारलं. पूर्वी ती "या भाऊजी, च्या टाकते," म्हणायची.

तिचा पोरगा सुनील फवारणीचा पंप पाठीवरून उतरवून उभा राहिला. ओसरीत बाजेवर मच्छिंद्र होता. हा बैलासारखा माणूस, ह्याच्या खांद्यावर बसून आपण विहिरीचा पहिला दगड बसवला, तो आता गोधडीत दिसतही नव्हता. आवाज ओळखून तो धडपडत उठून बसला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"शांत्या, कागद तुझा हाय, मला ठावं हाय. पोरानं डाळिंब धरलंय. एवढा बहार घिऊ दे त्याला. मग घे तुझं रान."

शांतवनला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. जोडलेल्या हातांची नखं माती शिरून काळी झालेली होती, अगदी त्याच्या स्वतःच्या नखांसारखी. मनातल्या मनात कितीदा त्यानं मच्छिंद्राला असंच हात जोडायला लावलं होतं. आता ते समोर घडत होतं आणि त्याला बघवत नव्हतं.

"हात खाली घे आदी," तो ओरडला. "खाली घे म्हनतो ना! मी काय सावकार हाय व्हय? मला तुझं रान तुझ्या नावावर करून द्यायचंय. आन माझं माझ्या. पोरीला घर ऱ्हावं एवढंच. सही करशील का न्हाई, बोल."

मच्छिंद्राला चटकन समजलंच नाही. छबूबाईला समजलं. ती मटकन ओसरीच्या कडेला बसली.

सुनील पुढं आला. पस्तीस-चाळिशीचा बाप्या, पण शाळेत उभं केल्यासारखा मान खाली घालून बोलला, "काका, झाड म्या पाडलं. आबा नगरला दवाखान्यात हुते. आले तवा झाड पडलेलं. मला तुमच्या आनेचं म्हाईत न्हवतं."

शांतवन मच्छिंद्राकडं वळला. "मग तवाच बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? पोराचं नाव सांगून सुटू? बायबलावर हात म्या ठिवला हुता, त्यानं न्हाई."

मग छबूबाई उठली आणि म्हणाली, "भाऊजी, या जरा हिकडं."

गोठ्यामागं पत्र्याच्या सावलीत, विटांवर रचून, वर पोती झाकून फळ्या ठेवल्या होत्या. लालसर करड्या, जाड, नीट चिरलेल्या. "वखारवाला सारखा यायचा. ह्यांनी ढलपीसुदीक दिली न्हाई. म्हनले, मास्तरचं झाड हाय, मास्तरच्या घरचं हाय."

शांतवननं फळीवर तळवा ठेवला. गार. त्याचा हात तिथंच थांबला.

"वयनी, एका झाडाच्या एवढ्याच फळ्या? बाकीच्या?"

छबूबाईनं पदर तोंडाला लावला. मग ओसरीतून मच्छिंद्राचा खोकल्यानं चिरकलेला आवाज आला.

"जांभळीचं लाकूड वल्यात सडत न्हाई लवकर. इहिरीच्या तळाला घालत्यात. म्हनून कारभाऱ्याला म्हनलं, हेच घे. तुला सांगू नगं म्हनलं. तू घेतलं नसतंस."

शांतवन दुखरा पाय विसरून फळ्यांशेजारी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याची रोझी बापाच्या झाडात निजली होती. जांभळ्या जिभेची, वेशीत थांबून 'रानंच बदला की' म्हणणारी. आणि ज्यानं तिला ते झाड दिलं, त्याच्याकडं पाठ करून तो तिच्या कबरीवर माती टाकत होता. ग्रेस मागून येऊन नुसती उभी राहिली. तिनं त्याला रडू दिलं.

"ऱ्हायल्यात त्या तुझ्यापुरत्या हायेत," मच्छिंद्र आतून म्हणाला. "माप घेतलंय. आता तू वाळलास. उरतील."

रडता रडता शांतवनला हसू फुटलं. "आन तू काय पैलवान ऱ्हायलास व्हय रे?"

त्याच संध्याकाळी सुनीलनं ट्रॅक्टर आणून ताडपत्रीखालचा सगळा कांदा चाळीत टाकला. पाऊस आलाच नाही, नुसता वारा सुटला. पण कांदा चाळीत होता.

तलाठ्यानं दोन्ही रानं फिरून पंचनामा केला. शेजाऱ्यांनी, हो, कैक वर्षं असंच कसतात, म्हणून सांगितलं. डॅनीला शांतवननं स्वतः फोन लावला. सगळं ऐकून तो "तुमची मर्जी," म्हणाला आणि फोन ठेवला. पण दस्ताच्या दिवशी सकाळी ग्रेसच्या मोबाईलवर त्याचा निरोप आला, 'बाबांना जिने चढवू नकोस.'

दस्त नोंदवून झाला आणि सगळे पुन्हा खताच्या दुकानात पेंडीच्या पोत्यांवर बसले. आता मृत्युपत्र. साक्षीदार दोन, दुकानाचा मालक आणि मच्छिंद्र. ग्रेसला बाईंनी बाहेर बसवलं. जिला मिळायचं तिनं आत नको, म्हणाल्या. ती रस्त्यापलीकडं सुनीलच्या गाडीत छबूबाईजवळ जाऊन बसली.

बाईंनी वाचून दाखवलं. विहिरीचं रान आणि त्यातलं घर ग्रेसला. मास्तरचं बायबल डॅनीला.

"बायबल त्याला?" मच्छिंद्रानं विचारलं.

"त्याला गरज हाय," शांतवन म्हणाला.

"अजून काही राहिलं का बाबा?" बाईंनी विचारलं.

"ऱ्हायलं. फळ्या. जांभळीच्या, ह्याच्या गोठ्यामागं हायेत. त्या माझ्या हायेत, माझ्या पेटीला. ते बी घाला."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून, एकमेकांना तोडत, आधी भांडण मग झाड मग सुतार असं उलटसुलट सगळं सांगितलं. बाईंनी डोळे टिपले आणि नवी ओळ लिहायला पेन टेकवलं.

"बाई, थांबा," मच्छिंद्र म्हणाला. "तेवढं लिवू नका."

"का हो काका? लिहिलेलं बरं असतं. बघितलंत ना, काय घोटाळा झाला होता तो?"

"बघितला की. रान लिवलं, घर लिवलं, बरं झालं. पोराबाळांचं हाय ते." त्यानं शांतवनकडं बोट केलं. "पन हे आमच्या दोघांचं हाय. एवढं तोंडी ऱ्हाऊ द्या."

शांतवननं त्याच्याकडं पाहिलं. "मग ठेव हात."

बायबल घरी होतं. मच्छिंद्रानं पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि आपला हात शांतवनच्या हातावर ठेवला. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.